फॉस्फोलिपिडची ड्रिप घ्यायची म्हणता? आधी एवढं तपासून पाहा

नागपुरातल्या बऱ्याच घरांत फॉस्फोलिपिड, म्हणजे पेशींच्या आवरणात असतो तो स्निग्ध पदार्थ, शिरलं ते २०२१ च्या मे महिन्यात. नाव कुणाला ठाऊक नव्हतं. म्युकरमायकोसिसच्या, म्हणजे काळ्या बुरशीच्या, रुग्णांचे नातेवाईक रामदासपेठ, धंतोली आणि गंजीपेठेतला दवा बाजार पालथा घालत होते, ते लायपोसोमल अँफोटेरिसिन-बीसाठी. अँफोटेरिसिन हे बुरशीवरचं जुनंच औषध, पण मूत्रपिंडाला बाधणारं. तेच फॉस्फोलिपिडच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत भरून दिलं की मूत्रपिंडाला होणारी इजा बरीच कमी होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसात ते उघडं राहावं म्हणून जे सर्फॅक्टंट सोडतात, तेही मुख्यतः फॉस्फोलिपिडच. आयसीयूत शिरेतून देतात ते दुधासारखं पांढरं स्निग्ध द्रावण १९६० च्या दशकापासून वापरात आहे. त्यातलं सोयाबीन तेल पाण्यात मिसळून राहतं ते अंड्यातल्या फॉस्फोलिपिडमुळे.

म्हणजे पदार्थ खरा आहे, औषधांत त्याचं काम खरं आहे. पंचाईत तिथूनच सुरू होते. आता याच नावाची पत्रकं घेऊन लोक माझ्या मेडिकल स्टोअरच्या काउंटरवर येतात. कुणाला 'पेशींच्या भिंतीची दुरुस्ती' करून मिळणार असते, कुणाला 'नसांतला मळ साफ', कुणाला 'लिव्हर नवं', कुणाच्या सासूबाईंचा विसरभोळेपणा जाणार असतो. "भाऊ, दहा बाटल्या घ्या म्हणते डॉक्टर, घ्यू का?" याचं उत्तर काउंटरवर उभ्या उभ्या देता येत नाही. पण उत्तर कसं शोधायचं ते सांगता येतं, आणि त्यासाठी तुम्ही विज्ञान शिकलेले असण्याची गरज नाही.

१. काय देणार आहेत ते कागदावर लिहून घ्या

'फॉस्फोलिपिड थेरपी' हे औषधाचं नाव नव्हे. माणूस विचारतो 'फॉस्फोलिपिड चांगलं असतं का', आणि या प्रश्नाला काहीही उत्तर देता येतं. म्हणून आधी एवढं विचारा: नेमका कोणता घटक, किती मात्रा, तोंडाने की शिरेतून की कातडीखाली, सोबत आणखी काय मिसळणार, आणि कोणत्या आजारासाठी. ही सगळी उत्तरं एकत्र राहिली तरच त्यांना अर्थ आहे. कॅप्सूलबद्दल जे सिद्ध झालं ते ड्रिपला लागू होत नाही, यकृताबद्दल जे दिसलं ते मेंदूला लागू होत नाही. पुढची सगळी तपासणी या एका गोष्टीवर उभी आहे.

घटकाची नावं साधारण अशी येतील. फॉस्फॅटिडिलकोलिन हे सगळ्यात जास्त दिसतं; सोयाबीन किंवा अंड्यातून काढतात त्या लेसिथिनमधला मुख्य घटक तोच, आणि पत्रकावर त्याला बरेचदा 'पीसी' एवढंच म्हणतात. स्मरणशक्तीच्या कॅप्सूलमध्ये असतं ते फॉस्फॅटिडिलसेरिन. 'इसेन्शियल फॉस्फोलिपिड' म्हणजे सोयाबीनमधून काढलेलं फॉस्फॅटिडिलकोलिनच. यकृतासाठी त्याच्या कॅप्सूल आपल्याकडेही मिळतात. 'लायपोसोमल व्हिटॅमिन सी', 'लायपोसोमल ग्लुटाथायोन' हा प्रकार निराळा. तिथे फॉस्फोलिपिड नुसतं वाहन आहे, आतला माल दुसराच. तेव्हा शोधही त्या मालाचा घ्यायचा.

'हे आमचं स्पेशल मिश्रण आहे, नाव सांगत नाही' असं उत्तर आलं तर पुढच्या पायऱ्या चढायची गरज नाही. शिरेत जाणाऱ्या वस्तूचं नाव लपवण्याला कसलंही कारण असू शकत नाही.

२. फॉस्फोलिपिड म्हणजे काय, इतपत समजून घ्या

जास्त खोलात जायचं नाही. या रेणूचं डोकं पाण्याशी जमवून घेतं आणि दोन शेपट्या पाण्यापासून पळतात. म्हणून पाण्यात ते आपोआप दुहेरी थर करून बसतात. आपल्या प्रत्येक पेशीचं आवरण अशा दुहेरी थराचं असतं, हे १९२५ पासून माहीत आहे. घरात पाहायचं असेल तर अंड्याचा पिवळा बलक घ्या, किंवा चॉकलेटचा कागद उलटून पाहा. घटकांच्या यादीत 'इमल्सिफायर (३२२)' लिहिलेलं सापडेल. ते ३२२ म्हणजे लेसिथिन.

आता पत्रकातलं वाक्य घ्या: 'पेशीचं आवरण फॉस्फोलिपिडचं असतं, म्हणून फॉस्फोलिपिड घेतलं की आवरण दुरुस्त होतं.' यातला पहिला भाग पाठ्यपुस्तकातला, दुसरा विक्रीचा. तोंडाने घेतलेलं फॉस्फोलिपिड आतड्यात स्वादुपिंडाच्या रसाने तुटतं, तुकडे शोषले जातात आणि शरीर आपल्या गरजेप्रमाणे त्यांची पुन्हा जोडणी करतं. शिवाय आपण जेवणातून जेवढं खातो त्यापेक्षा जास्त फॉस्फॅटिडिलकोलिन आपलंच यकृत रोज पित्तातून आतड्यात सोडत असतं. कॅप्सूल थेट मेंदूच्या पेशीवर जाऊन चिकटते, हे चित्र पत्रकातच राहू द्या.

विदर्भात याचा एक पैलू जास्त टोचतो. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांत फॉस्फॅटिडिलसेरिनची गडबड खरोखरच असते. लाल पेशीच्या आवरणात आतल्या बाजूला असायला हवं ते बाहेरच्या बाजूला येतं आणि पेशी चिकटायला लागतात. हे खरं संशोधन आहे आणि विक्रेत्याला ते दाखवताही येतं. पण मूळ दोष हिमोग्लोबिनच्या जनुकात आहे. बाहेरून आणखी फॉस्फोलिपिड ओतल्याने आतलं-बाहेरचं जागेवर येतं असं त्यातून निघत नाही. हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचं औषध चालू असलेल्या पोराची गोळी बंद करून कुणी 'मेम्ब्रेन थेरपी', म्हणजे आवरणाचा उपचार, सुचवत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

जाता जाता आणखी एक. वारंवार गर्भपात झालेल्या बायकांच्या रिपोर्टवर 'अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी पॉझिटिव्ह' असं येतं. ते वाचून 'शरीरात फॉस्फोलिपिड कमी आहे' असा अर्थ लावणारे मी पाहिले आहेत. तसं नाही. तो रक्ताच्या गुठळ्या होण्याचा आजार आहे, त्याचे उपचार रक्त पातळ करणाऱ्या औषधांचे आहेत, आणि त्यात हलगर्जी परवडत नाही.

३. कुपी हातात घ्या

ड्रिप किंवा इंजेक्शन असेल तर पैसे भरण्याआधी कुपी पाहायला मागा आणि मोबाइलवर फोटो काढा. औषधाचं नाव, मात्रा, बनवणारी कंपनी, परवाना क्रमांक, बॅच नंबर, एक्स्पायरी. लेबल परदेशी असेल तर विचारा की भारतात आयातीची परवानगी कुणाच्या नावावर आहे. एखादा रुग्ण स्वतःसाठी थोडं औषध सरकारी परवानगी काढून मागवू शकतो, पण त्या वाटेने क्लिनिकला साठा करून दहा जणांना विकता येत नाही. कॅप्सूलच्या डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ आणि एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक दिसला, तर ती वस्तू कायद्याने अन्नात मोडते. ती विकणं गैर नाही. तिने आजार बरा होतो म्हणणं गैर आहे.

नंतर विचारा, कशात मिसळून देणार. आपण ड्रिपच्या सगळ्याच बाटल्यांना सलाईन म्हणतो, इथे मात्र फरक पडतो. लायपोसोमल अँफोटेरिसिन पाच टक्के डेक्स्ट्रोजमध्येच द्यायचं असतं, मिठाच्या सलाईनमध्ये नाही; २०२१ मध्ये वॉर्डातल्या सिस्टरना हे पाठ झालं होतं. शिरेतून द्यायच्या 'इसेन्शियल फॉस्फोलिपिड'च्या कुप्यांवरही कंपनीची तशीच सूचना असते की मिठाच्या द्रावणात मिसळू नये. देणाऱ्याला हे ठाऊक नसेल, तर त्याने त्या कुपीसोबतचा कागद उघडलेला नाही.

या कुप्या फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो. कुरिअरने साध्या खोक्यातून आलेली कुपी कुठे कुठे उन्हात पडून राहिली, हे कुणी सांगू शकणार नाही. बर्फाचं पॅक होतं का, आल्यावर ती कुठे ठेवली, हे विचारायला लाजू नका. आणि बर्फात गोठलेलंही चालत नाही.

४. सोबत काय मिसळतात, ते जास्त महत्त्वाचं

चरबी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची कथा इथे उपयोगी पडेल. वीसेक वर्षांपूर्वी परदेशात पोटाच्या, हनुवटीखालच्या चरबीत फॉस्फॅटिडिलकोलिन टोचायची लाट आली होती. त्या इंजेक्शनमध्ये ते विरघळून राहावं म्हणून डिऑक्सिकोलेट नावाचं पित्तातलं क्षार घातलेलं असे. २००४ मध्ये प्रयोगशाळेत दोन्ही वेगवेगळं तपासलं, तेव्हा दिसलं की पेशी फोडण्याचं काम मुख्यतः डिऑक्सिकोलेट करतं. ते साबणासारखं पेशीचं आवरण विरघळवतं. ज्याचा गाजावाजा झाला ते फॉस्फोलिपिड बाजूलाच होतं. २०१० मध्ये अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध प्रशासनाने, अशा जाहिराती करणाऱ्या स्पांना इशारापत्रं पाठवली. २०१५ मध्ये तिथे हनुवटीखालच्या चरबीसाठी एक इंजेक्शन मंजूर झालं, पण त्यात फक्त डिऑक्सिकोलिक आम्ल आहे, फॉस्फॅटिडिलकोलिन नाही. तेव्हा 'आमच्या ड्रिपमध्ये पीसी आहे' असं कुणी म्हटलं की विचारा, ते विरघळवलं कशात आहे.

दुसरी जोडी ईडीटीएची. 'बायपास टाळा, नसा साफ करा' या पॅकेजमध्ये फॉस्फोलिपिडबरोबर चिलेशन लावतात, म्हणजे रक्तातले धातू पकडून बाहेर काढणारं ईडीटीए हे रसायन शिरेतून देतात. चिलेशनवर मोठ्या चाचण्या झालेल्या आहेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत हार्टअटॅक येऊन गेलेले १,७०८ रुग्ण होते आणि थोडा फायदा दिसला होता, मधुमेह असलेल्यांत जास्त. म्हणून हार्टअटॅक येऊन गेलेल्या मधुमेहींवर चाचणी पुन्हा केली. २०२४ मध्ये तिचे निकाल आले, आणि फायदा दिसला नाही. विक्रेता पहिली दाखवतो, दुसरी नाही. यात जिवावरचा धोकाही आहे. ईडीटीएचे दोन प्रकार आहेत, कॅल्शियम असलेलं आणि नसलेलं. नावं जवळजवळ सारखी. कॅल्शियम नसलेलं रक्तातलं कॅल्शियम ओढून घेतं, आणि त्याने अमेरिकेत माणसं दगावलेली आहेत, त्यात लहान मुलंही होती.

५. पुरावा शोधा, पण उलटा शोधा

मोबाइलवर पबमेड, म्हणजे वैद्यकीय लेखांची मोफत ऑनलाइन सूची, उघडा. घटकाचं नाव आणि आजाराचं नाव इंग्रजीत टाका, आणि बाजूच्या चाळणीतून रँडमाइज्ड (रुग्णांचे गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडलेल्या) चाचण्या तेवढ्या निवडा. शेकड्यांतून हातावर मोजण्याइतक्या उरतील. सगळ्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यांतही पाहा. पबमेडवर लेख असणं म्हणजे मान्यतेची मोहोर नव्हे. तिथे उंदरावरचे, काचेच्या बशीतले, एका रुग्णावरचे, सगळे लेख असतात.

शोधताना 'फायदा' शोधू नका, 'फरक पडला नाही' असं सांगणारी चाचणी शोधा. ती विक्रेता देणार नाही, तुम्हालाच काढावी लागेल. दोन उदाहरणं मी लोकांना नेहमी सांगतो.

पहिलं यकृताचं. दारू पाजलेल्या बॅबून माकडांना सोयाबीनचं फॉस्फॅटिडिलकोलिन दिलं, तर त्यांच्या यकृतात वण बनणं थांबलं. १९९० च्या दशकातलं हे काम गाजलं. मग अमेरिकेत ७८९ माजी सैनिकांवर चाचणी झाली. निम्म्यांना रोज साडेचार ग्रॅम, निम्म्यांना खोटी (औषध नसलेली) गोळी, दोन वर्षं, आधी आणि नंतर यकृताचा तुकडा काढून तपासणी. निकाल २००३ मध्ये आला: वण वाढण्यात दोन गटांत फरक नाही. यातली मजेची गोष्ट अशी की दोन्ही गटांतल्या लोकांचं पिणं समुपदेशनाने खूप कमी झालं होतं. खोट्या गोळीचा गट नसता, तर कुणाला बरं वाटल्याचं सगळं श्रेय कॅप्सूलने खाल्लं असतं. आपल्याकडेही लिव्हरच्या कॅप्सूलबरोबर 'दारू बंद, तेलकट बंद' असं सांगतातच.

दुसरं मोठ्या आतड्याच्या सुजेचं, म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिसचं. तिथे आतड्याच्या आवरणात फॉस्फॅटिडिलकोलिन कमी असतं, म्हणून ते आतड्यात उशिरा सुटेल अशा गोळ्या करून दिल्या. लहान चाचण्यांत छान निकाल आले. मोठ्या चाचण्या केल्या, तर खोट्या गोळीपेक्षा सरस ठरेना आणि त्या मुदतीआधीच थांबवाव्या लागल्या. तर्क बरोबर, लहान चाचण्या आशादायक, आणि तरीही शेवट असा. यात कुणी लबाडी केली नव्हती.

स्मरणशक्तीच्या कॅप्सूलबद्दल एवढंच सांगतो. फॉस्फॅटिडिलसेरिनच्या डब्यावर स्मृतिभ्रंशाचा दावा छापायला अमेरिकेच्या एफडीएने २००३ मध्ये परवानगी दिली, हे विक्रेते सांगतात. पण त्या दाव्यासोबत 'याला शास्त्रीय पुरावा फार थोडा आहे' हेही छापायची अट होती. स्मृतिभ्रंशावर लेसिथिन देण्याच्या चाचण्यांचा कॉक्रेनने आढावा घेतला, त्यातही आधार मिळाला नाही.

'आमचं इथे संशोधन चालू आहे' असं सांगितलं तर सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही, ऑनलाइन उघडा. जून २००९ पासून चाचणीची नोंद तिथे बंधनकारक आहे. नोंदीत संशोधकाचं नाव, ठिकाण, रुग्णसंख्या, एथिक्स कमिटीची मंजुरी सगळं दिसतं. नोंद असणं म्हणजे उपचार मंजूर असणं नव्हे. आणि आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की संशोधनाचा खर्च रुग्णाच्या खिशातून घेऊ नये. तेव्हा संशोधन म्हणायचं आणि बाटलीमागे पैसेही मागायचे, हे एकत्र बसत नाही.

६. देणारा कोण आहे

लेटरहेडवरचा नोंदणी क्रमांक महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या साइटवर टाकून पाहा. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या कौन्सिल वेगळ्या आहेत, त्यांच्या याद्याही. 'एम.डी. (ए.एम.)' म्हणजे अल्टरनेटिव्ह मेडिसिनची पदवी आधुनिक वैद्यकातली मान्य पदवी नाही. पाटीवर कंस केवढा छोटा काढला आहे तेही बघा.

जाहिरातीचा कायदा जुना आहे, १९५४ चा. मधुमेह, कॅन्सर, हृदयरोग, लकवा, लठ्ठपणा, रक्तदाब, धमन्या कडक होणं अशा आजारांवर औषधाने बरं करण्याची जाहिरातच त्यात मना आहे. 'नसा साफ करून बायपास टाळा' असं पत्रक छापणाऱ्याने पहिल्या ओळीतच कायदा मोडलेला असतो. मला तरी त्याच्या दुसऱ्या ओळीवर विश्वास ठेवावासा वाटत नाही. असं पत्रक एफडीएच्या, म्हणजे आपल्या अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयात नेऊन देता येतं.

पैशाचं थोडक्यात: पॅकेज आगाऊ भरू नका, बॅच नंबर असलेलं पक्कं बिल मागा. 'आज भरलं तर सूट' हे औषधाच्या धंद्यातलं वाक्य नाही.

७. आपल्या डॉक्टरला कसं विचाराल

लोक इथे बिचकतात. डॉक्टर रागावतील, हसतील. म्हणून सांगतच नाहीत आणि गुपचूप दोन्ही चालू ठेवतात. ते सगळ्यात वाईट. मेडिकल, मेयो किंवा मिहानचं एम्स या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीत वेळ कमी मिळतो हे खरंच आहे. तेव्हा एका कागदावर पहिल्या पायरीची उत्तरं, कुपीचा फोटो आणि चालू गोळ्यांची यादी घेऊन जा. 'हे घेऊ का' असं विचाराल तर 'नको' एवढंच उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा: "साहेब, माझ्या चालू गोळ्यांशी याचं काही वाकडं आहे का? हे घेतलं नाही तर माझं काय नुकसान होईल? आणि घेतलंच, तर कोणती तपासणी करून कळेल की उपयोग झाला?" तिसरा प्रश्न ड्रिप देणाऱ्यालाही विचारा. 'तुम्हाला फ्रेश वाटेल' ही तपासणी नव्हे.

सोयाबीनची किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर न विचारता सांगा. मोठ्या मात्रेत कोलिन (फॉस्फॅटिडिलकोलिनमधला एक भाग) गेलं की अंगाला माशासारखा वास येतो, रक्तदाब उतरू शकतो; मोठ्या माणसासाठी सुरक्षित मर्यादा दिवसाला साडेतीन ग्रॅम कोलिनची धरतात. फॉस्फॅटिडिलकोलिनपासून आतड्यातले जंतू आणि नंतर यकृत मिळून टीएमएओ नावाचा पदार्थ बनवतात, आणि त्याचं रक्तातलं प्रमाण हृदयविकाराशी जोडलेलं आढळलं आहे. कारण तेच की नुसती सोबत, यावर वाद चालू आहे. पण हृदयासाठी म्हणून जे विकतात त्यांच्या पत्रकात याचा उल्लेख मला अजून दिसलेला नाही.

८. घेऊन झालं असेल तर

घाबरून जाऊ नका, पण ड्रिपनंतर धाप लागणं, अंगावर पित्त उठणं, छातीत दुखणं, लघवी लालसर होणं, हातपाय वाकडे होऊन मुंग्या येणं यातलं काही झालं तर ज्यांनी ड्रिप दिली त्यांना फोन करत बसू नका, सरळ कॅज्युअल्टीत जा. जाताना कुपी, तिचा कागद किंवा निदान फोटो सोबत न्या. दुष्परिणामाची नोंद रुग्ण स्वतःही करू शकतो; पीव्हीपीआयचा, म्हणजे औषधांचे दुष्परिणाम नोंदवणाऱ्या सरकारी कार्यक्रमाचा, टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. मेडिकल कॉलेजच्या औषधशास्त्र विभागात विचारलं तर फॉर्मची चौकशी करता येते. फॉर्मवर औषधाचं नाव, बॅच, कधी घेतलं, काय झालं आणि सोबत कोणती औषधं चालू होती एवढं लागतं. घरात उरलेल्या कुप्या वापरू नका, आणि नोंद होईपर्यंत फेकूही नका.